मुंजाजीनं न घेतलेली रेडर

नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात मुंजाजीला शोधायचं असेल तर जनावरांच्या तोंडाकडं बघत फिरू नये, शेपटाकडं बघावं. बाकीचे लोक शेळीचे दात बघतात, डोळे बघतात, कास चाचपतात. मुंजाजी मात्र मागं उकिडवा बसलेला असतो आणि जनावराच्या मांड्यांकडं टक लावून बघत असतो. खरं काय ते मागच्या पायात असतं, असं त्याचं ठाम मत. पन्नाशी उलटली तरी या मतात फरक पडलेला नाही. नेकनूरपासून हाकेच्या अंतरावर, बालाघाटच्या उतारावर त्याची वस्ती आहे, थोडी कोरडवाहू जमीन आहे, शेळ्या-मेंढ्या आहेत, ताराबाई नावाची रोखठोक बायको आहे आणि ऋतुजा नावाची एकुलती एक पोरगी आहे. एवढ्यात माणसानं सुखी असायला हवं, आणि मुंजाजी होताही. पण त्याला कबड्डीचा नाद लागला.

खेळण्याचा नव्हे, खेळाडू निवडण्याचा. गावात सुरजचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. संध्याकाळी तिथं टीव्हीवर कबड्डीचे सामने लागतात आणि सामना सुरू व्हायच्या आधी प्रत्येकजण आपापल्या फोनवर टीम लावतो. खेळ सोपा आहे. दोन्ही संघांतून मिळून आपल्या पसंतीचे सात खेळाडू उचलायचे. त्यांनी मैदानावर जे गुण मिळवले ते आपले. सातांतला एक कॅप्टन, त्याचे गुण दुप्पट. मात्र तो पकडला गेला तर तोटाही दुप्पट. बचाव करणारे कुणीही घ्या, फार फरक पडत नाही. सगळी मदार असते ती चढाईला जाणाऱ्यावर, म्हणजे रेडरवर. रेडर चुकला की टीम बसली. पैसे लावायच्या ॲपा बंद झाल्या तेव्हा गावातल्या काही जणांनी सुतक पाळलं, पण मुंजाजीला त्याचं काहीच वाटलं नाही, कारण त्यानं कधी रुपया लावलाच नव्हता. त्याला निवडण्यातच गोडी होती.

दिवसभर शेरडं चरत असत आणि हा बाभळीला टेकून संध्याकाळच्या रेडरचा विचार करत असे. याचा डावा पाय जड आहे, तो वळताना खांदा आधी टाकतो, अमका दम घेताना मान वर करतो. ताराबाई भाकरी घेऊन आली तर तिलाही ऐकवायचा. ती म्हणायची, एवढा विचार लग्नाच्या आधी मला बघायला आलात तेव्हा केला असता तर बरं झालं असतं. मग मुंजाजी भाकरीवर लक्ष द्यायचा.

आता इतका अभ्यास करणाऱ्या माणसाच्या टीमा जिंकत असतील, असं कुणालाही वाटेल. छे. कधी जिंकायचा, कधी तोंडावर आपटायचा. एकदा त्यानं एका तगड्या रेडरला केवळ मांड्यांवर भाळून कॅप्टन केलं. तो गडी त्या सामन्यात जेवढ्या वेळा गेला तेवढ्या वेळा पकडला गेला आणि मुंजाजीचे गुण शून्याच्या खाली गेले. शून्याच्या खाली जायलाही अंगात कसब लागतं, असं सुरज म्हणाला, आणि सगळ्यात मोठ्यानं हसला तो मुंजाजीच. हरल्यावर असं मनापासून हसता येणं ही मोठी गोष्ट आहे. गावात बऱ्याच मोठ्या लोकांना ती जमत नाही.

आणि अशा या माणसाच्या घरातच रेडर होती.

ऋतुजा बीडला कॉलेजात जाते. सकाळच्या एसटीनं जायचं, दुपारी यायचं, आणि उन्हं उतरली की गावच्या मैदानावर पोरींच्या संघाबरोबर सराव. अंगानं सडपातळ, पण चढाईला गेली की समोरच्या पोरींना कळायच्या आत हात लावून परत आलेली असते. मध्यरेषेवर आल्यावर मागं वळून हसायची तिची एक खोड आहे, आणि त्या हसण्यानं समोरचा संघ अर्धा तिथंच खचतो. बीड जिल्ह्यात तिचं नाव व्हायला लागलं होतं. गावातली म्हातारी माणसंसुद्धा, ज्यांना बोनस म्हणजे काय हे सांगूनही कळत नाही, ती ऋतुजाची चढाई असली की काठी टेकून उभी राहायची.

पण मुंजाजीच्या तोंडून मात्र पोरीचं कौतुक कुणी कधी ऐकलं नव्हतं. चौकात विषय निघाला की तो आभाळाकडं बघायचा, नाहीतर शेरडांना हाका मारायला लागायचा.

याला कारण होतं आणि ते मुंजाजीच्या हाडात मुरलेलं होतं. मेंढपाळाची एक रीत असते. कळपातलं आपलं सगळ्यात चांगलं जनावर तो कधी बोट दाखवून सांगत नाही. गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, यातलं झ्याक कोणतं, तर हा भलतंच दाखवणार. चांगल्या जनावराला मुद्दाम चिखलाचा हात लावून ठेवणार, त्याचं नाव चारचौघांत घेणार नाही, आणि कुणी त्याची तारीफ केलीच तर म्हणणार, कसलं काय, खातंय नुसतं. कारण नजर लागते. मुंजाजीच्या बापानं हेच केलं आणि आज्यानंही हेच केलं.

मुंजाजीनं आयुष्यात ही रीत एकदाच मोडली होती, तीही जनावराच्या बाबतीत नव्हे. ऋतुजा शाळेत असताना तालुक्याचा सामना होता. सकाळी चहाच्या टपरीवर, कसा कोण जाणे, त्याचा ऊर भरून आला आणि तो बोलून गेला की आज मपली पोरगी एकटीच सामना मारणार. त्याच दुपारी ऋतुजाचा गुडघा मुरगळला. दोन महिने ती लंगडत होती. डॉक्टर म्हणाले, मैदान निसरडं होतं. ताराबाई म्हणाली, पोरीनं नीट खाल्लं नव्हतं. मुंजाजीनं मात्र त्या दिवशी जीभ आवळली ती कायमची. सामन्याला तो जायचा, सगळ्यांच्या मागं उभा राहायचा, आणि ऋतुजा चढाईला गेली की दुसरीकडं बघायचा. बापाची नजर सगळ्यात वाईट लागते, असं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं.

ही गोष्ट त्यानं पोरीला कधी सांगितली नाही. सांगून टाकली असती तर पुढचं काही झालंच नसतं. पण भीती बोलून दाखवली तरी ती खरी होते, असंही त्याला वाटायचं. घाबरणारा माणूस सगळ्या बाजूंनी घाबरतो.

चंपाषष्ठीची यात्रा आली. गावच्या खंडोबाच्या यात्रेत दरवर्षी कुस्त्या होतात. या वर्षी माजी सरपंच तानाजीरावांनी पोरींची कबड्डी ठेवली, चार दिवसांची. तानाजीराव म्हणजे गावातली मोठी असामी. जमीन भरपूर, आवाज त्याहून मोठा, आणि मन वाईट नाही, फक्त ते दाखवायला त्यांना माईक लागतो. गावोगावचे संघ आले. सुरजच्या डोक्यात कल्पना आली की टीव्हीवरच्या पोरांच्या टीमा आपण लावतो, मग आपल्या मैदानावरच्या पोरींच्या का नको? त्यानं नियम केले. रोज गावचा सामना ज्या संघाशी असेल त्यावर टीम लावायची. फोन नाही, कागद नाही. सामन्याआधी ज्यानं त्यानं माईकवर येऊन आपली सात नावं गावासमोर बोलायची आणि कॅप्टन सांगायचा. सुरज ते टिपून घेणार आणि संध्याकाळी निकाल सांगणार. पहिल्या येणाऱ्याला फेटा बांधून स्टेजवर बसवायचं. शेवटच्याला शिक्षा अशी की दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर पाणी मारायचं आणि चुन्याच्या फक्कीनं सगळ्या रेषा आखून द्यायच्या.

गाव या खेळावर अक्षरशः तुटून पडलं. ज्यांनी उभ्या जन्मात कबड्डी बघितली नव्हती ते माईकवर येऊन सात सात नावं घेऊ लागले. आणि प्रत्येकाचं पहिलं नाव ठरलेलं होतं. रेडर ऋतुजा, कॅप्टन ऋतुजा. तानाजीरावांनी तर ते नाव असं घेतलं, जणू निवडणुकीचा उमेदवारच जाहीर करताहेत.

मुंजाजीची पाळी आली. ज्या माणसानं जन्म रेडर निवडण्यात घालवला तो आता काय निवडतो, म्हणून सगळे कान टवकारून बसले. मुंजाजी माईकजवळ गेला, घसा खाकरला आणि सात नावं घेतली. सातांत ऋतुजा नव्हती. कॅप्टन म्हणून त्यानं समोरच्या संघातली एक ढोली पोरगी घेतली, जी रेडर कमी आणि भिंत जास्त होती. लोक आधी चमकले, मग हसले. मुंजाजीला चेष्टा करायची सवय असल्यानं ही पण त्याची चेष्टाच असेल, असं सगळ्यांना वाटलं.

संध्याकाळी ऋतुजानं सामना मारला आणि मुंजाजी शेवटचा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मैदानावर फक्कीची पाटी घेऊन वाकलेला दिसला. त्या दिवशीही त्यानं ऋतुजाला घेतलं नाही, त्या दिवशीही शेवटचा आला. तिसऱ्या दिवशीही तेच. रोज सकाळी गावाला बघायला मिळायचं की मुंजाजी पांढराफटक होऊन रेषा आखतोय आणि स्वतःशीच मजेत गुणगुणतोय. त्याला शिक्षेचं दुःख नव्हतंच. उलट आतून तो लई खूश होता. पोरगी खेळतेय, जिंकतेय, पाय धड आहेत. एवढ्यासाठी चार रेषा आखायला लागल्या तर काय बिघडलं? देवाला नवस बोलतात तसा तो फक्की टाकत होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तानाजीरावांनी माईकवरूनच त्याची फिरकी घेतली. म्हणाले, “मुंजाजी, काखेत कळसा अन् गावाला वळसा. घरात रेडर असताना तू कुठं हुडकत फिरतू बे?” मैदान खदाखदा हसलं. मुंजाजीही हसला. पण ऋतुजा बाजूला बसून पायाची पट्टी सोडत होती, ती हसली नाही. हे मुंजाजीनं बघितलं, आणि बघूनही न बघितल्यासारखं केलं.

चौथ्या दिवशी फायनल होती, धर्मापुरीच्या संघाशी. सकाळी मुंजाजी नेहमीप्रमाणं मैदानावर हजर झाला. ऋतुजा तिथं आधीच येऊन उभी होती. तिनं सुतळीचं एक टोक धरलं, त्यानं दुसरं, आणि दोघं मध्यरेषा आखायला लागले. अर्धी रेषा आखून झाली. मग तिनं सुतळी न सोडताच विचारलं, “आबा, समदं गाव मला धरतंय. तुमी कावून न्हाई धरत?”

मुंजाजी म्हणाला, उगंच.

“उगंच कसं? तुमी दिवसभर रेडर हुडकता. लोकांच्या पोरांचे पाय तुमाला टीव्हीत दिसतेत. मी तुमाला सातांत बी दिसत न्हाई का?”

त्याच्या तोंडात उत्तर आलं होतं, अगदी दातांपर्यंत आलं होतं. पण त्या दिवशी सामना होता, आणि सामन्याच्या दिवशी असलं काही बोलायचं नसतं. तो खाली बघून फक्की टाकत राहिला. ऋतुजानं सुतळी हळूच खाली ठेवली आणि निघून गेली. तिनं आदळआपट केली असती तर मुंजाजीला परवडलं असतं. तिनं ठेवली ती अगदी जपून ठेवली. मध्यरेषा तेवढी त्या दिवशी वाकडी पडली, ती पुन्हा आखावी लागली.

घरी जाऊन त्यानं ताराबाईला सगळं सांगितलं. गुडघ्याची गोष्टसुद्धा सांगितली, इतक्या वर्षांनी. ताराबाई ज्वारी निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं. नवऱ्याला हसावं की रडावं, हे तिला क्षणभर ठरवता येईना. मग म्हणाली, “नजर लागली तं मी उतरवीन. मीठ हाय, मोहऱ्या हायत, मिरच्या हायत. पण बापाला आपला भरवसा न्हाई असं पोरीच्या मनानं घेतलंय, ते मी कशानं उतरवू?”

मुंजाजी उठून शेरडांकडं गेला. त्यांना पाणी पाजलं, पाजून झालेल्यांना पुन्हा पाजलं. मग अंगावरची फक्की झटकून धुतलेला सदरा घातला आणि मैदानाकडं निघाला.

दुपारपर्यंत मैदान फुलून गेलं. धर्मापुरीच्या संघात वनमाला नावाची एक पोरगी होती. डाव्या कोपऱ्यात उभी राहायची आणि रेडरचा घोटा धरायची. तिनं घोटा धरला की सुटका नाही, असा तिचा लौकिक होता. तरीही माईकवर प्रत्येकाच्या तोंडी एकच नाव होतं, ऋतुजा कॅप्टन. मुंजाजीची पाळी आली तेव्हा लोक आधीच हसायला लागले होते. सुरजनं तर फक्कीची पाटी उचलून दाखवली.

मुंजाजीनं सहा नावं घेतली आणि थांबला. माईकमधून त्याच्या श्वासाचा आवाज सगळ्या मैदानावर ऐकू येत होता.  गिऱ्हाइकासमोर आपलं जनावर झाकायची सवय पिढ्यानपिढ्यांची, ती एका दुपारी मोडायची म्हणजे सोपं नव्हतं.

“सातवी ऋतुजा,” तो म्हणाला. “मपली पोरगी. कॅप्टन बी तीच.”

आणि जी शिट्टी पडली ती थेट माळापर्यंत गेली. ऋतुजा गुडघ्याला पट्टी बांधत होती. तिनं मान वर केली आणि बापाकडं बघत राहिली. मुंजाजीनं मात्र तिच्याकडं बघितलं नाही. त्यानं जमिनीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि गर्दीत शिरला.

आणि मग जे व्हायला नको होतं तेच झालं. ऋतुजा पहिल्या चढाईला गेली, कोपऱ्यात जरा जास्तच आत गेली, आणि वनमालानं घोटा धरला. ऋतुजा बाद.  थोड्या वेळानं ऋतुजा पुन्हा आत आली, पुन्हा चढाईला गेली, आणि वनमालानं पुन्हा घोटा धरला. या वेळी ऋतुजा पडली, उठताना जरा लंगडली, आणि मुंजाजीच्या पायाखालची जमीनच सरकली. ही वनमाला नव्हे, हे आपलं तोंड आहे, आपणच नाव घेतलं, असं त्याच्या मनानं घेतलं. मैदानाच्या कडेनं तो असा फेऱ्या घालायला लागला की बघणाऱ्यालाच चक्कर यावी. मध्यंतराला गाव चार गुणांनी मागं होतं.

सुरजच्या नियमांत एक नियम असा होता की मध्यंतराला ज्याला हवा त्यानं कॅप्टन बदलावा. माईकपुढं रांग लागली. सगळ्यात पुढं तानाजीराव. त्यांनी वनमालाला कॅप्टन केलं. त्यांच्यामागं एकेक करून सगळ्यांनीच ऋतुजाला काढलं. लोकांना दोष देण्यात अर्थ नाही, खेळ खेळच असतो. पण ज्या कर्ण्यातून चार दिवस तिचं नाव घुमलं त्याच कर्ण्यातून आता ते काढून टाकलं जात होतं, आणि ती पाण्याची बाटली घेऊन पंधरा पावलांवर बसून ऐकत होती.

मुंजाजी रांगेत उभा होता. त्याच्या दृष्टीनं हिशेब सरळ होता. नाव काढून घेतलं तर कदाचित नजरही उतरेल. पोरीचा पाय वाचेल, सामनाही वाचेल. आणि नाव तसंच ठेवलं तर, देव न करो, पण गुडघ्याचं पुन्हा काही झालं तर तो स्वतःला कधी माफ करणार नव्हता. पुढची माणसं कमी होत गेली. त्यानं एकदा पोरीकडं बघितलं. ती बाटलीचं झाकण लावत होती, उघडत होती, पुन्हा लावत होती. सकाळी तिनं सुतळी अशीच खाली बघत ठेवली होती.

त्याची पाळी आली. सुरजनं विचारलं, आबा, कुणाला करू? मुंजाजीनं माईक हातातच घेतला.

“मला काय बदलायचं न्हाई. कॅप्टन ऋतुजाच. तिच्यावानी रेडर ह्या साऱ्या पट्ट्यात न्हाई. हे मला लई दिवसांपासून ठावं हाय. मी भेत होतो म्हणून बोललो न्हाई.”

एवढं बोलून त्यानं माईक सुरजच्या हातात दिला. आपण काय करून बसलो हे त्याला मग कळलं. पण तिकडं पंधरा पावलांवर ऋतुजानं बाटली खाली टाकली होती आणि ती उभी राहिली होती.

दुसऱ्या डावात ती वेगळीच खेळली. घाई केली नाही. पहिल्यांदा गेली ती कोपऱ्यापासून लांब राहून बोनसचा गुण घेऊन आली. मग एकीला हात लावला, मग दुसरीला. वनमाला वाट बघत होती, आणि ऋतुजा तिला वाट बघायला लावत होती. गुण बरोबरीत आले तेव्हा शेवटची काही मिनिटं उरली होती, आणि दोन चढाया रिकाम्या गेल्यामुळं तिसरीत गुण आणायचाच होता, नाहीतर रेडर बाद. ऋतुजा गेली. या वेळी सरळ कोपऱ्यातच गेली. वनमालानं झेप घेतली, घोट्याला हात लागलाही, पण ऋतुजानं तोच पाय मागं ओढून दुसऱ्यावर अंग टाकलं आणि लांब होऊन मध्यरेषेवर बोटं टेकवली. तिला धरायला आलेल्या तिघीही बाद. त्यानंतर धर्मापुरीला सावरायला वेळच मिळाला नाही.

मुंजाजीनं ही चढाई पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. डोळे दुसरीकडं वळवायचं त्याच्या लक्षातच आलं नाही. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा त्यानं आपली पोरगी खेळताना धड बघितली होती, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो लहान मुलासारखा उड्या मारत होता. वनमालानं पुढं येऊन ऋतुजाच्या पाठीवर थाप दिली. गावच्या पोरींनी ऋतुजाला उचललं. मध्यरेषेवर थांबून हसायची खोड तेवढी या वेळी राहून गेली, कारण ती हसत नव्हती, रडत होती.

सुरजनं निकाल सांगितला. तुम्हाला वाटत असेल मुंजाजी पहिला आला असेल. कसला? बाकीच्या सहा जणी त्यानं अशा काही निवडल्या होत्या की ऋतुजाचे दुप्पट गुणही त्यांच्या ओझ्याखाली दबले. एक तर केवळ पोटऱ्या बघून घेतलेली होती, ती पूर्ण सामना बाकावर बसून होती. पहिले आले तानाजीराव, वनमालाच्या पकडींवर. त्यांना फेटा बांधला गेला, ते स्टेजवर बसले, माईकही मिळाला. पण भाषण ऐकायला समोर कुणी उरलं नव्हतं. सगळं गाव मुंजाजीभोवती जमलं होतं. जो तो त्याच्या खांद्यावर हात टाकत होता, पोरीपेक्षा बापालाच जास्त हाका पडत होत्या.

दिवेलागणीला घरी आले तेव्हा ताराबाईनं सगळी तयारी करून ठेवली होती. मूठभर मीठ, मोहऱ्या, सात लाल मिरच्या. चूल पेटलेली होती. ऋतुजा ओट्यावर गरम पाण्यात पाय टाकून बसली होती. ताराबाई तिच्यासमोर येऊन उभी राहिली, तशी ऋतुजानं तिचा हात धरला.

“मपली नको, आई. आबाची काढ. आज समदं गाव त्यांच्याकडंच बघत होतं.”

मुंजाजी म्हणाला, बाप्या माणसाची कुणी दृष्ट काढतं का? पण ऐकतं कोण. मायलेकींनी मिळून त्याला ओट्यावर बसवलं. ताराबाईनं त्याच्या अंगावरून मूठ ओवाळली, आल्या-गेल्याची, भुता-खेताची, गावातल्या रिकामटेकड्यांची, सगळ्यांची नावं पुटपुटली आणि मूठ चुलीत टाकली. मिरच्या तडतडल्या. तिघंही श्वास रोखून ठसक्याची वाट बघत बसले, कारण ठसका आला तर दृष्ट नव्हती आणि नाही आला तर होती, हे घरात लहान पोरालाही माहीत असतं.

ठसका आलाच नाही.

“बघा,” ताराबाई म्हणाली, “लई जबर लागली होती.” आणि मुंजाजी, ज्याला आयुष्यात कुणी नजर लावण्याजोगं कधी समजलंच नव्हतं, तो ओट्यावर इतका ताठ बसला की ऋतुजाला हसू आवरेना.